गुडघ्याचे सांधेरोपण : शस्त्रक्रियेआधीची तयारी आणि रजेचा हिशेब

गुडघा बदलायचे ठरले की घरात सर्वांत आधी विचारले जाते, "दवाखान्यात किती दिवस राहावे लागेल?" उत्तर सोपे आहे : काही गुंतागुंत झाली नाही तर साधारण तीन ते पाच दिवस. नोकरी करणाऱ्या माणसासाठी मात्र हा प्रश्न अपुरा ठरतो. त्याला खरी रजा लागते ती गुडघा पुन्हा त्याच्या कामाचा होईपर्यंत, आणि हा काळ बँकेत टेबलावर बसणाऱ्याचा वेगळा, यंत्रमागासमोर पाळी भरणाऱ्याचा वेगळा आणि जमिनीवर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईचा आणखी वेगळा असतो. म्हणूनच तयारीची सुरुवात स्वतःच्या कामापासून करावी आणि तिथून उलटे मोजत शस्त्रक्रियेच्या तारखेपर्यंत यावे, असे माझे मत आहे. अनेकांची रजा दवाखाना आणि टाके काढणे यांतच खर्ची पडते आणि व्यायामाला खरा रंग चढतो त्या सुमारास त्यांना कामावर रुजू व्हावे लागते.

कामाला गुडघ्याकडून काय हवे, ते लिहून काढा

एका कागदावर आपल्या कामाचा नेहमीचा दिवस उतरवावा. सलग किती वेळ उभे राहावे लागते, जिने किती, वजन उचलावे लागते का, खाली बसावे लागते का, कामाच्या ठिकाणी कमोड आहे की भारतीय पद्धतीचे शौचालय, आणि घरापासून तिथपर्यंत जायचे कसे, एवढ्या गोष्टी त्यात याव्यात. शौचालयाचा मुद्दा लिहायला संकोच वाटतो, परंतु सोलापूरच्या चिंचोळी किंवा अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात कमोडच नसेल, तर गुडघा कितीही चांगला वाकत असला तरी आठ तासांची पाळी अवघड होते. हा कागद पहिल्या भेटीतच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावा. "साहेब, कामावर कधी जाता येईल?" या प्रश्नाला डॉक्टर सरासरी उत्तर देतात, कागद पुढे ठेवला तर ते आपल्यापुरते उत्तर देऊ शकतात.

सर्वसाधारण अंदाज असा धरता येतो. बैठे काम असेल, अधूनमधून उठून फिरता येत असेल आणि प्रवास थोडा असेल तर एका गुडघ्यानंतर चार ते सहा आठवड्यांत रुजू होता येते. शिक्षक, दुकानातील विक्रेते, परिचारिका अशा उभ्याने आणि फिरत्याने काम करणाऱ्यांनी आठ ते बारा आठवडे धरावेत. ओझे उचलणे, शिडी चढणे, पूर्ण पाळी उभे राहणे अशा कामांना किमान तीन महिने लागतात आणि काहींना सहाही लागतात. खाली बसून करायच्या कामांचा प्रश्न आठवड्यांनी सुटत नाही. कृत्रिम सांध्यावर मांडी घालणे, उकिडवे बसणे, गुडघे टेकणे यांना बहुतेक डॉक्टर कायमचीच मनाई करतात, त्यामुळे तिथे कामाची पद्धतच बदलावी लागते. विडी वळण्याचे सूप मांडीऐवजी टेबलावर घेऊन खुर्चीत बसता येईल का, याचा सराव शस्त्रक्रियेपूर्वीच सुरू केलेला बरा.

निर्णय पक्का आहे ना?

उभे राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये सांध्यातील फट जवळजवळ संपलेली दिसते, वेदनाशामक गोळ्या, व्यायाम आणि वजन कमी करण्याचे प्रयत्न करून झालेले असतात, आणि तरीही रात्री वेदनेने जाग येते किंवा चार घरे चालणे नकोसे होते, अशा वेळी सांधेरोपणाचा खरा फायदा होतो. नुसता एक्स-रे खराब आहे म्हणून शस्त्रक्रिया करू नये. बहुसंख्य रुग्ण समाधानी असतात, परंतु दहापैकी एकदोघांना नंतरही दुखणे राहते, हे आधीच माहीत असावे. कृत्रिम सांधा जन्मभर पुरेलच असे सांगता येत नाही. तरी दहापैकी सुमारे आठ सांधे २५ वर्षे टिकतात असे मोठ्या नोंदींवरून दिसून आले आहे. पन्नाशीच्या आतल्या रुग्णाने मात्र पुढे केव्हातरी दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता धरून चालावे.

दोन्ही गुडघे खराब असल्यास ते एकाच वेळी बदलावेत की काही महिन्यांच्या अंतराने, याचा निर्णय वय, हृदयाची स्थिती आणि मधुमेह पाहून डॉक्टर घेतात. एकदाच केले तर रजा एकदाच लागते, हे खरे. परंतु त्यात शरीरावर ताण जास्त पडतो आणि पहिले दोन आठवडे टेकवायला एकही चांगला पाय नसतो, म्हणून घरात धरून उठवणारे सशक्त माणूस चोवीस तास हवे. केवळ रजा वाचते म्हणून दोन्ही एकदम करण्याचा आग्रह रुग्णाने धरू नये.

तारीख निवडताना

ही शस्त्रक्रिया तातडीची नसल्याने तारीख बरीचशी आपल्या हातात असते. त्या गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर जंतुसंसर्गाचा धोका टाळण्यासाठी साधारण तीन महिने थांबतात, ही गोष्ट विसरू नये. बाकी विचार आपल्या वर्षाचा करायचा आहे. लेखा विभागात किंवा बँकेत असणाऱ्याने मार्चअखेर शस्त्रक्रियेनंतरच्या बारा आठवड्यांच्या आत येऊ देऊ नये. शिक्षकांना उन्हाळी सुटी सोयीची वाटते आणि ती सोयीची आहेही, मात्र सोलापूरचे एप्रिल-मे म्हणजे चाळीस अंशांच्या पुढचे ऊन. वैद्यकीय दृष्ट्या उन्हाळ्यात शस्त्रक्रियेला हरकत नसते, पण पायात घट्ट मोजे, घामाने ओलसर होणारी पट्टी आणि वीज गेली की बंद पडणारा कूलर यांचा विचार आधी झालेला असावा; शिवाय चालण्याचा सराव सकाळी आठच्या आत आणि दिवे लागल्यावरच होऊ शकतो. थंडीचे दिवस त्या मानाने सुखाचे. फक्त जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, आणि सिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात राहणाऱ्याने टाके काढण्याची किंवा तपासणीची तारीख त्या गर्दीत येणार नाही असे पाहावे.

सोलापुरातच शस्त्रक्रिया करावी की पुण्याला जावे, हा प्रश्नही याच वेळी सोडवावा. धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीकडचे रुग्ण सोलापुरात येतात, इतक्या सोयी शहरात आहेत. गुंतागुंतीचा सांधा असेल, किंवा पूर्वी बदललेला सांधा पुन्हा बदलायचा असेल, तर पुण्याचा विचार समजू शकतो. मात्र सुमारे २५० किलोमीटरचा परतीचा प्रवास, टाके काढायला आणि सहाव्या आठवड्याला पुन्हा फेरी, आणि मधल्या काळात जखमेतून पाणी येऊ लागले तर दाखवायचे कोणाला, या सगळ्याची आधी सोय लावावी. पुण्याहून गाडीने येताना तासा-सव्वातासाने थांबून दोन मिनिटे उभे राहावे आणि बसल्याजागी घोटे हलवत राहावे. नसांमध्ये रक्ताची गाठ होऊ नये यासाठी ते आवश्यक असते.

रजा : कोणाची कुठून

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू होतात. अर्जित रजा १ जानेवारी आणि १ जुलै रोजी प्रत्येकी १५ दिवस जमा होते, अर्धवेतनी रजा त्याच तारखांना प्रत्येकी १० दिवस. वैद्यकीय प्रमाणपत्रावर अर्धवेतनी रजेचे रूपांतर पूर्ण वेतनाच्या परिवर्तित रजेत करता येते, मात्र खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात : ४० दिवसांची परिवर्तित रजा घेतली तर अर्धवेतनी रजेतून ८० दिवस जातात. अनेक वर्षे सेवा झालेल्यांच्या खात्यात अर्धवेतनी रजा पडून असते आणि तिची आठवण कोणाला राहत नाही. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी आस्थापना लिपिकाकडून सेवापुस्तकातील दोन्ही शिल्लका पाहून घ्याव्यात आणि मगच अर्जित रजा किती मोडायची ते ठरवावे. शिक्षकांना दीर्घ सुट्या असल्याने त्यांच्या अर्जित रजेचे गणित वेगळे असते. वैद्यकीय प्रतिपूर्ती मिळणार असेल तर तिची प्रपत्रे दाखल होण्यापूर्वीच हाती ठेवावीत, कारण काही प्रपत्रांवर रुग्णालयाच्या सह्या लागतात आणि डिस्चार्जनंतर त्या सह्यांसाठी कोणाला तरी चकरा माराव्या लागतात.

कारखान्यात काम करणारे आणि मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेले कामगार राज्य कामगार विमा योजनेत येतात. सध्याच्या नियमांनुसार आजारपणाचा लाभ म्हणून सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के रक्कम, लागोपाठच्या दोन (सहा-सहा महिन्यांच्या) लाभ कालावधींत मिळून जास्तीत जास्त ९१ दिवस दिली जाते. ९१ दिवस म्हणजे तेरा आठवडे. उभ्याने काम करणाऱ्याला लागणारा काळ जवळजवळ एवढाच असतो. म्हणूनच हे दिवस आधी दुसऱ्या आजारात खर्च झाले आहेत का, ते पाहणे महत्त्वाचे : त्याच काळात काविळीसाठी तीस दिवसांचा लाभ घेतलेला असेल तर गुडघ्यासाठी ६१ दिवसच उरतात. दुसरी अट वर्गणीची आहे. सहा महिन्यांच्या वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. नोकरी बदलताना मध्ये खंड पडला असेल तर तारीख महिनाभर पुढे ढकलल्याने लाभाला पात्र होता येईल का, ते शाखा कार्यालयात विचारून घ्यावे. पहिल्या दोन दिवसांचे पैसे सहसा मिळत नाहीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रमाणपत्र विमा योजनेच्या डॉक्टरांचे लागते. खासगी सर्जनची चिठ्ठी घेऊन थेट शाखा कार्यालयात गेल्याने काम होत नाही. शस्त्रक्रिया बाहेरच्या रुग्णालयात व्हायची असेल तर योजनेच्या दवाखान्यातून संदर्भपत्र घेऊनच जावे.

दुकाने, खासगी कार्यालये आणि संस्था यांना लागू असलेल्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार वर्षाला ८ दिवसांची किरकोळ रजा असते, पात्र कर्मचाऱ्याला कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवसाची भरपगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. बैठे काम असणाऱ्याला ही साठवलेली रजा पुरू शकते, त्यामुळे ज्याला पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया करायची आहे त्याने यंदा जत्रा-लग्नाला रजा घेताना हात आखडता घ्यावा.

नगावर मजुरी घेणाऱ्या यंत्रमाग कामगाराला यांपैकी काहीच लागू नसेल, तर त्याला बारा ते सोळा आठवड्यांच्या घरखर्चाची तजवीज स्वतःच करावी लागते. मालकाकडून मोठी उचल घेऊन शस्त्रक्रिया करणे मला धोक्याचे वाटते, कारण उचल फेडायची घाई माणसाला आठव्या आठवड्यातच मागावर उभे करते. उचल घ्यावीच लागली तर ती थोडी घ्यावी आणि पहिला हप्ता चौथ्या महिन्यापासून कापावा, असे शस्त्रक्रियेपूर्वीच बोलून ठेवावे.

रजेचा अर्ज नेमका असावा. पुढील मजकूर थोड्याफार फरकाने वापरता येईल : "माझ्या उजव्या गुडघ्याच्या सांधेरोपणाची शस्त्रक्रिया दिनांक … रोजी नियोजित आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार दिनांक … पासून … आठवड्यांची वैद्यकीय रजा मंजूर व्हावी, ही विनंती. सहाव्या आठवड्यातील तपासणीनंतर रुजू होण्याची संभाव्य तारीख किंवा आवश्यक ती मुदतवाढ लेखी कळवीन. सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले आहे." यातील सहाव्या आठवड्याचे वाक्य गाळू नये. ते असले की मुदतवाढीचा अर्ज आल्यावर वरिष्ठांना धक्का बसत नाही, आणि लवकर बरे वाटले तर लवकर रुजू होण्याचा मार्गही मोकळा राहतो. अर्जाची पोच घ्यावी.

सोबत राहणाऱ्याची रजा हा विषय बहुतेक घरांत शेवटच्या आठवड्यात निघतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी मुलगा, मुलगी, सून, जावई असे सगळेच रजा टाकून दवाखान्याच्या व्हरांड्यात बसतात, आणि घरी आल्यावर चौथ्या दिवसापासून दुपारी कोणीच नसते. याच्या नेमके उलट करावे. शस्त्रक्रियेच्या दिवशी दोन माणसे पुरतात. खरी गरज घरी आल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत असते, तेव्हा एकाने पहिला आठवडा आणि दुसऱ्याने दुसरा आठवडा वाटून घ्यावा.

पैशांचा भाग

राष्ट्रीय औषध मूल्य नियंत्रण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत तेव्हा कर वगळून ५४,७२० रुपये ठरली; विशेष धातूंच्या सांध्यांसाठी ती जास्त आहे. ही किंमत फक्त सांध्याची. शस्त्रक्रिया, खोली, भूल, औषधे यांचा खर्च वेगळा असतो आणि एकूण बिलातला फरक मुख्यतः तिथेच पडतो. म्हणून अंदाजपत्रक मागताना सांध्याचे नाव आणि किंमत वेगळी लिहून मागावी, आणि नंतर सांध्याच्या वेष्टनावरचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदांसोबत आहे ना, ते तपासावे. वीस वर्षांनी सांधा पुन्हा बदलायची वेळ आली तर त्या स्टिकरवरील क्रमांक उपयोगी पडतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांचा समावेश असून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ७० वर्षांवरील ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. मात्र कोणती शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयासाठी राखीव आहे आणि कोणती खासगी रुग्णालयात मंजूर होते, हे योजनेच्या यादीवर अवलंबून असते. यासाठी ओळखीच्यांच्या सांगण्यावर न विसंबता रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, शिधापत्रिका, आधार आणि एक्स-रे दाखवूनच विचारावे.

खासगी आरोग्य विमा असेल तर पॉलिसीत सांधेरोपणाचा प्रतीक्षा काळ पाहावा. तो बहुधा दोन ते तीन वर्षांचा असतो. खोलीभाड्याची मर्यादाही पाहावी, कारण मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर अनेक पॉलिसींमध्ये केवळ भाड्यातलाच फरक नव्हे, तर बिलातील इतर रकमाही त्या प्रमाणात कापल्या जातात. पूर्वमंजुरीचा अर्ज दाखल होण्याच्या दोन-तीन दिवस आधी पाठवावा.

शस्त्रक्रियेपूर्वीचे सहा आठवडे

शस्त्रक्रियेनंतर पाय किती लवकर उभा राहील, हे बरेचसे मांडीच्या पुढच्या स्नायूवर ठरते. तो स्नायू दुखऱ्या गुडघ्यामुळे वर्षानुवर्षे वाळत आलेला असतो आणि शस्त्रक्रियेनंतर काही दिवस आणखी ढिला पडतो. त्यामुळे सहा आठवडे आधीपासून व्यायाम करणे हाच सर्वांत फायद्याचा भाग आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त टाळला जाणाराही. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबून पाच आकडे मोजेपर्यंत धरणे. गुडघा सरळ ठेवून पाय वीतभर उचलणे. टाच घसटत नितंबाकडे ओढून गुडघा वाकवणे. आणि घोटे वर-खाली करणे, एवढे चार व्यायाम दिवसातून दोन-तीन वेळा प्रत्येकी दहा-पंधरा वेळा करावेत. टाच घसटण्याच्या व्यायामात चादरीवर पाय अडकतो, म्हणून टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी घ्यावी किंवा गुळगुळीत फळीवर थोडी पावडर टाकावी. टाच सहज सरकते आणि गुडघा किती वाकला हेही नीट समजते. हातांनाही विसरू नये. वॉकरवर भार हातांनीच पेलायचा असतो, तेव्हा हात असलेल्या खुर्चीवरून हातांच्या जोराने उठण्याचा सराव करावा. फिजिओथेरपिस्टची एक भेट याच काळात घ्यावी आणि वॉकर चालवायला शिकून घ्यावे. वेदना होत असताना नवी गोष्ट शिकणे अवघड जाते.

मधुमेह असणाऱ्यांनी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, साधारण साडेसात-आठच्या खाली आणावी. ती जास्त असली तर जखम चिघळण्याची भीती वाढते आणि अनेक डॉक्टर तारीख पुढे ढकलतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोह आणि आहाराने ते वाढवायला काही आठवडे लागतात, म्हणून रक्ताची तपासणी आदल्या दिवशी न करता आधीच करून घ्यावी. किडलेले दात, लघवीचा संसर्ग, पायावरचे गळू किंवा बोटांच्या बेचक्यातील चिखल्या यांवर आधी उपचार व्हावेत. शरीरातील कुठलाही संसर्ग रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतो. विडी, सिगारेट, तंबाखू आणि मिश्री निदान चार आठवडे आधी बंद करावी. मिश्रीला बऱ्याच स्त्रिया तंबाखूत धरत नाहीत आणि डॉक्टरांनी विचारले तरी सांगत नाहीत. घरच्यांनी ते सांगावे.

नेहमीच्या औषधांची यादी भूलतज्ज्ञांना द्यावी. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या पाच-सात दिवस आधी थांबवतात, पण हृदयात स्टेंट असेल तर तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञच घेतात. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या सामान्यतः तीन दिवस आधी बंद करतात. आपल्या मनाने काहीही बंद करू नये आणि चालूही ठेवू नये. काढे आणि जडीबुटीची औषधेही यादीत लिहावीत.

आहारात प्रथिने वाढवावीत. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला या काळात रोज सत्तर ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात, आणि केवळ कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर तेवढी मिळत नाहीत. मटकी, हुलगे, डाळी, दही, पनीर, आणि चालत असल्यास अंडी व मासे रोजच्या जेवणात आले पाहिजेत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

घर

घराची पाहणी वॉकर हातात घेऊनच करावी. सोलापूरच्या पूर्व भागातील जुन्या घरांत दार अरुंद असते, उंबरा उंच असतो आणि मोरीकडे जाताना पायरी उतरावी लागते. वॉकर दारातून आडवा जात नाही हे शस्त्रक्रियेनंतर कळून उपयोग नाही. झोपायची जागा तळमजल्यावर हवी. पलंग किंवा खुर्ची अशी असावी की बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर जाणार नाहीत; बहुतेकांना अठरा ते वीस इंच उंची पुरते. कमोड नसेल तर कमोड खुर्ची सर्जिकल दुकानात विकत किंवा भाड्याने मिळते. ती आधीच आणून भारतीय शौचालयावर नीट बसते का ते पाहावे, कारण चारही पाय सपाट न टेकल्यास खुर्ची डुलते. आंघोळीसाठी हात असलेली प्लॅस्टिकची खुर्ची, मोरीत न घसरणारी रबरी चटई, भिंतीला पकडायला कडी, आणि रात्री शौचालयापर्यंत पेटता राहणारा छोटा दिवा एवढे करावे. पायपुसणी, सतरंज्या आणि लोंबणाऱ्या वायरी महिनाभर गुंडाळून ठेवाव्यात.

सोलापुरात पाण्याचाही विचार लागतो. नळाला काही दिवसांआड पाणी येते, आणि पाणी सुटले की पिंपे, घागरी, बादल्या भरण्याची धांदल उडते. बहुतेक घरांत ती जबाबदारी ज्या बाईवर असते, तिचाच गुडघा बदललेला असतो. तेव्हा पहिल्या सहा आठवड्यांत पाण्याच्या वारी कोणी थांबायचे हे आधीच ठरवावे, आणि त्या दिवशी ओल्या फरशीवर रुग्णाने उतरू नये. स्वयंपाकघरातील रोजचे डबे कमरेच्या उंचीवर आणून ठेवावेत.

दवाखान्यातील दिवस

याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण तिथे सगळे दुसऱ्यांच्या हाती असते. शस्त्रक्रिया दीड-दोन तासांची, बहुधा कमरेत भूल देऊन होते, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभे करतात. कागदांची फाइल, सैल गाऊन किंवा अर्धी विजार, मागून बंद असलेल्या न घसरणाऱ्या चपला, आणि घरचा वॉकर सोबत न्यावा. डिस्चार्जच्या वेळी चार गोष्टी लिहून घ्याव्यात : रक्ताची गाठ टाळण्याचे औषध किती दिवस, वेदनेच्या गोळ्या कोणत्या वेळी, पट्टी कधी बदलायची, आणि रात्री-अपरात्री अडचण आली तर फोन कोणाला करायचा.

घरी आल्यावर

पहिले दोन आठवडे कठीण असतात, आणि ते तसे असतात हे माहीत असले तर माणूस खचत नाही. पाय घोट्यापर्यंत सुजतो, मांडीवर काळानिळा डाग पडतो, झोप मोडते, तोंडाला चव राहत नाही. वेदनेची गोळी व्यायामापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावी. गोळ्या टाळून व्यायामही टाळणे हे सहनशक्तीचे लक्षण मानले जाते, पण त्याने गुडघा आखडतो. काही वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होते, म्हणून पाणी, फळे आणि गरज पडल्यास डॉक्टरांना विचारून रेचक घ्यावे. बर्फ पंचात किंवा टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, दिवसातून चार-पाच वेळा. टॉवेलची सोलापुरात वाण नाही.

एक गोष्ट घरोघरी चुकते. पाय दुखतो म्हणून मायेने गुडघ्याखाली उशी दिली जाते. रुग्णाला बरे वाटते, पण गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि नंतर पूर्ण सरळ होत नाही. उशी टाचेखाली द्यावी, म्हणजे गुडघा आपोआप सरळ होत जातो. गुडघा वाकवण्याकडे सर्वांचे लक्ष असते; सरळ करण्याकडे तेवढेच हवे, कारण सरळ न होणाऱ्या गुडघ्याने माणूस लंगडतच चालतो. वाकण्याचा साधारण टप्पा असा : दोन-तीन आठवड्यांत ९० अंश, आणि सहा ते बारा आठवड्यांत ११० ते १२०. खुर्चीतून सहज उठायला आणि जिना उतरायला एवढे लागते.

टाके बारा ते चौदा दिवसांच्या सुमारास काढतात. जिना चढताना चांगला पाय आधी वर टाकावा, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी खाली. वॉकरवरून काठीवर येणे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होते. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची असते. भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरवून द्यावी. दुपारभर पाहुणे बसले की रुग्ण संकोचाने व्यायाम करत नाही, आणि प्रत्येक जण आपल्या मावशीच्या गुडघ्याची हकिकत सांगून जातो.

जखमेतून सतत पाणी किंवा पू येणे, लाली पसरत जाणे, १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, कमी होत असलेले दुखणे एकाएकी वाढणे, किंवा पोटरी कडक होऊन दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे. पोटरीचे दुखणे चोळून बरे करू पाहू नये. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट १०८ ला फोन करावा. याउलट गुडघा काही महिने कोमट लागणे, संध्याकाळी सूज येणे, चालताना टक् असा आवाज होणे आणि जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा राहणे, या गोष्टी नेहमीच्या आहेत.

पुन्हा कामावर

सहाव्या आठवड्याच्या तपासणीला पहिल्या भेटीतला कामाचा कागद पुन्हा न्यावा आणि त्यातील प्रत्येक ओळीपुढे डॉक्टरांकडून "आता चालेल" की "अजून नाही" हे लिहून घ्यावे. रुजू होण्यासाठी तंदुरुस्तीचा दाखला लागतोच. त्यात पहिला महिना खुर्ची द्यावी, वजन उचलायला लावू नये, रात्रपाळी नको, असे जे काही असेल ते स्पष्ट लिहिलेले असावे, कारण तोंडी सवलत पर्यवेक्षक बदलला की संपते. विमा योजनेतील कामगाराने हा दाखलाही योजनेच्या डॉक्टरांकडूनच घ्यावा.

येण्याजाण्याची रंगीत तालीम रुजू होण्याच्या आठवडाभर आधी करावी. रिक्षात आधी बैठकीवर मागे टेकून बसावे आणि मग पाय आत घ्यावेत. शहर बसची पहिली पायरी उंच असते, तिचा अंदाज घ्यावा. मोटार चालवणे बहुधा चार ते सहा आठवड्यांनी जमते. उजवा गुडघा बदलला असेल तर ब्रेक जोरात दाबता येतो का, हे उभ्या गाडीत पाहावे. दुचाकीची घाई करू नये. सिग्नलला गाडी थांबवताना, किंवा खड्डा चुकवताना, एका पायावर सगळा भार एकदम येतो, आणि त्यासाठी बहुतेकांना दोन ते तीन महिने लागतात. तोपर्यंतच्या रिक्षाभाड्याची रक्कम खर्चाच्या यादीत धरलेली असावी.

शक्य असेल तर गुरुवारी किंवा शुक्रवारी रुजू व्हावे, म्हणजे पहिला आठवडा दोन-तीन दिवसांचाच होतो. दर पाऊण तासाने उठून चार पावले टाकावीत, पाय लोंबकळत न ठेवता छोट्या स्टुलावर ठेवावा, आणि संध्याकाळी सूज जास्त वाटली तर दुसऱ्या दिवशी उभे राहणे कमी करावे. व्यायाम कामावर रुजू झाले म्हणून थांबवायचे नसतात. स्नायूंची ताकद सहा महिने ते वर्षभर वाढत राहते.

दुसरा गुडघाही बदलायचा असेल तर त्याचा विचार याच टप्प्यावर सुरू करावा. दोन शस्त्रक्रियांमध्ये सामान्यतः काही महिन्यांचे अंतर ठेवतात. शासकीय कर्मचाऱ्याने मधल्या काळात १ जानेवारी किंवा १ जुलैची रजा जमा होऊ द्यावी. विमा योजनेतील कामगाराने ९१ दिवसांपैकी किती वापरले आणि नवे दिवस कोणत्या लाभ कालावधीपासून मिळतील, हे शाखा कार्यालयातून समजून घ्यावे, आणि मगच सर्जनकडून दुसरी तारीख घ्यावी.